आवाज येतोय, चित्र नाही

मी एक व्हिडिओ फाइल. 'बोलतेय' असं म्हणायला जरा संकोच वाटतो, कारण माझ्या पोटात बोलणं असं जवळजवळ नाहीच. एक नळ गळतो, एक खुर्ची करकरते, मधेच कुणीतरी खोकतं. बस. तरी लोकांनी मला इतक्या वेळा नुसतं ऐकलंय, की आता मी अगदी थकून गेले आहे.

एवढं थकायला तुझं वय ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी आज कुठल्याच यंत्रावर उघडत नाहीत. त्यांच्यात लग्नं आहेत, बाळांची पहिली पावलं आहेत, आणि त्यांच्यावर क्लिक केलं की एक करडी चौकट येते: ही फाइल चालवता येत नाही. लोक 'ठीक आहे' दाबतात आणि उठतात. त्यात ठीक काय असतं, देव जाणे.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. घरातला धाकटा मुलगा दूरच्या नोकरीवर निघाला होता. जाण्याआधी त्याने तळहातात मावेल असा एक कॅमेरा आणला आणि आईसमोर धरला. आई टेबलाशी बसून मटार सोलत होती. "आई, इकडे बघ ना," तो म्हणाला आणि स्वतःशीच हसला. आईला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. मग त्याने हात हलवला, तेव्हा तिने वर पाहिलं.

आई शाळेत कधी गेली नव्हती. तिच्या खुणा कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या, घरच्या घरी केलेल्या होत्या. थोरला म्हणजे हनुवटीवर अंगठा, कारण लहानपणी पडून त्याला तिथे खोक पडली होती. धाकटा म्हणजे कानाची पाळी चिमटीत, कारण झोप आली की तो तिची पाळी धरायचा. भूक, राग, उद्या, 'मला बनवू नकोस', सगळ्याला खूण होती.

त्या दिवशी तिने मटार बाजूला सारले आणि धाकट्याला जे जे सांगायचं होतं ते सगळं सांगून टाकलं. वेळेवर जेव. मोजे ओले घालू नकोस. भांडणात पडू नकोस, तुझा आवाज चढला की तुला काही सुचत नाही. शेवटी तिने आपल्या कानाची पाळी धरली, मग दोन्ही हातांची पहिली बोटं वाकवून एकमेकांत अडकवली आणि जोर लावून ओढली. आकडी सुटली नाही. 'तू आपला आहेस', असं ते वाक्य. मग कॅमेऱ्यामागे धाकटा खोकला. तो खोकला कसला होता ते मला माहीत आहे, पण त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

आता माझी घडण थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. व्हिडिओ फाइल म्हणजे एक डबा. आत दोन पुड्या असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. डब्याच्या नावाच्या शेवटी डब्याचा प्रकार लिहिलेला असतो. माझ्या शेवटी 'एव्हीआय' होतं. पण आतली पुडी कशी बांधली आहे, ते डब्यावरून कळत नाही. माझ्या आवाजाची पुडी साधी, कुणालाही सुटेल अशी. चित्राची पुडी मात्र त्या कॅमेऱ्याच्या काळच्या पद्धतीने बांधलेली. ती सोडायची रीत ज्या यंत्राला ठाऊक, त्याला मी दिसते. बाकीच्यांना मी नुसती ऐकू येते.

धाकट्याने मला आपल्या लॅपटॉपवर घेतलं, एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकून थोरल्याकडे ठेवली आणि तो गेला. पुढे त्याचा लॅपटॉप एक दिवस बंद पडला तो पडलाच. उरले ती मी, टीव्हीखालच्या खणात. सोबतीला संपलेले सेल, एक तुटका चष्मा आणि कशाच्या म्हणून कुणाला आठवत नाही अशा किल्ल्या. खण उघडायचा, एक हात चाचपडायचा, हवं ते उचलायचा, खण बंद. मी कधीच हवी नसायचे. बरं होतं एका अर्थी. झोप तरी मिळायची.

वर्षं गेली. थोरल्याचं लग्न झालं. विम्याच्या कचेरीत काम करणारा माणूस तो, सरळ आणि घाईतला. सून दवाखान्यात रक्त तपासायची, तिला प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची सवय. त्यांना मुलगी झाली, तिला सगळे ठकू म्हणायचे. ठकू हाक मारली तरी वळायची नाही. खोडकर आहे, असं आधी सगळे म्हणाले. मग तपासण्या झाल्या. नातीलाही आजीसारखंच ऐकू येत नव्हतं.

सुनेने रडून घेतलं आणि कामाला लागली. ठकूला खुणांच्या शाळेत घातलं, स्वतःही शिकू लागली. "घरी सासूबाई आहेतच, दोघी मिळून आपल्याला गुंडाळून ठेवतील," असं ती हसून सांगायची. आणि ठकूची शाळा कुठे सुरू होतेय तोच आजीला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेला.

तेव्हा या घराच्या लक्षात आलं, की आईच्या खुणा इथे कुणालाच येत नाहीत. समजायच्या सगळ्यांना. पण दोन्ही मुलांनी आईला जन्मभर तोंडानेच उत्तरं दिली होती. ती ओठ वाचायची, यांचं भागायचं. हात उचलायची वेळच कधी आली नाही. सून नवऱ्याला विचारायची, "अहो, 'उद्या' कसं दाखवायच्या त्या?" तो हात वर करायचा, बोटं इकडेतिकडे हलवायचा आणि खाली घ्यायचा. "अगं, ते दिसलं की कळतं. करून नाही दाखवता यायचं."

आजीची खाट टीव्हीच्या खोलीतच होती, म्हणून मला खणातून सगळं कळायचं. कुणी जवळ आलं की ती डाव्या हाताचं पहिलं बोट वाकवायची आणि तसंच हवेत धरायची. "बोलावतेय," थोरला म्हणायचा आणि आणखी जवळ सरकायचा. सून पाणी आणायची, उशी सारखी करायची. ठकू आली तरी तेच, वाकवलेलं बोट. ठकू आपल्या शाळेतली 'काय?' ही खूण करायची, ती आजीला समजायची नाही. मग आजी तोंड भिंतीकडे वळवायची.

हळूहळू ती दिवसभर भिंतीकडेच बघू लागली. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, शरीर सावरतंय, पण यांनी मनातून सोडून दिलंय. त्या संध्याकाळी सुनेने खण उघडला आणि पहिल्यांदा माझ्यासाठी हात घातला. "भावजींनी काढलेली ती फिल्म," ती म्हणाली. "त्यात सगळ्या खुणा असतील. ठकूला शिकवते. घरात एक जण तरी त्यांच्याच खुणांनी त्यांच्याशी बोलेल."

इथून माझे हाल सुरू झाले.

तिने मला टीव्हीला लावलं. नळ गळू लागला, खुर्ची करकरली, पडदा काळा. थोरला आतल्या खोलीत दाढी करत होता. "येतोय, आवाज येतोय," तो तिथूनच समाधानाने म्हणाला.

"तुमच्या आईच्या फिल्ममध्ये आवाज घेऊन मी काय करू?" सून म्हणाली.

टीव्ही बंद करून चालू झाला. मला काढून फुंकर मारून परत लावण्यात आलं. फुंकरीने फाइल उघडते असं या जगात कुणी कुणाला सांगितलंय कोण जाणे, पण सगळे मारतात. मग लॅपटॉप. तिथे थोरल्याने कुठलातरी फुकटचा प्लेअर उतरवून घेतला. त्याने मला उघडलं नाही, पण तो प्लेअर रोज हवामान सांगू लागला. शेवटी धाकट्याला फोन लागला.

"वहिनी, सोपं आहे," धाकटा म्हणाला. "फाइलच्या नावात शेवटी एव्हीआय आहे ना, ते खोडा आणि एमपीफोर लिहा. आजकाल सगळीकडे एमपीफोरच चालतं."

तिने लिहिलं. लॅपटॉपने विचारलं, नाव बदललं तर फाइल निकामी होईल, नक्की बदलू? ती थबकली. थोरल्याने मागून 'हो' दाबलं. आता सांगा, डाळीच्या डब्यावर साखर लिहिलं म्हणून चहा गोड होतो का? आतल्या पुड्या होत्या तशाच. आतापर्यंत टीव्ही मला निदान ऐकत तरी होता. आता त्याने जाहीर करून टाकलं की फाइल खराब आहे.

"आवाज पण गेला," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता. सुनेने माझं जुनं नाव परत लिहिलं. तेवढ्यानेही मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाता जाता ती मला एका स्टुडिओवाल्याकडे घेऊन गेली. ओळखपत्राचे फोटो काढणारा, गळ्यात हेडफोन, कायम दोन कामं एकत्र करणारा माणूस. त्याने मला आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, एक दोन ठिकाणी दाबलं. "जुना फॉरमॅट आहे ताई. बदलून देतो. लहान करून देऊ ना? मोबाइलवर पाठवता येईल."

सुनेला उशीर होत होता. "द्या," ती म्हणाली.

त्याने माझ्यापासून एक बारकी एमपीफोर तयार केली. तपासताना हेडफोन एका कानाला लावला आणि कुणाचे तरी फोटो कापत राहिला. नळ ऐकला, खुर्ची ऐकली. "झकास चालतेय," म्हणाला. ती बारकी सुनेच्या मोबाइलवर गेली, पेन ड्राइव्ह सुनेच्या पर्समध्ये गेली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मागाहून त्यांच्याच तोंडून ऐकलंय. ते असं, की संध्याकाळी बारकी टीव्हीवर लागली. चित्र आलं. थोरल्याने टाळी वाजवली, आजीला उशीला टेकवून बसवलं, ठकूला समोर आणलं. आईचा चेहरा छान दिसत होता. टेबल, मटार, खिडकी, सगळं. मग तिने बोलायला हात उचलले आणि बोटं एकात एक मिसळून गेली. लहान करताना आधी बळी जातं ते भराभर हलणारं. ज्याला बघायचा असतो नुसता चेहरा, त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे हातांच्या जागी दोन पुसट गोळे हलत होते. ठकूने थोडा वेळ पाहिलं आणि आपली बाहुली उचलली. आजीने स्वतःचे ते हात पाहिले. मग तोंड भिंतीकडे केलं.

"जाऊ दे, निदान फिल्म तरी मिळाली," थोरला म्हणाला.

"मूळ फाइल परत न्यायला हवी स्टुडिओत," सून म्हणाली. "पेन ड्राइव्ह कुठंय?"

थोरल्याने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "मी ती मोकळी केली. कचेरीची कागदपत्रं न्यायची होती. मला वाटलं, काम झालं."

"अहो, ती मूळ होती."

"मग ही काय आहे? तीच तर आहे."

"हिच्यात बोटं नाहीत," सून म्हणाली आणि खाटेच्या कडेवर बसली. थोरल्याने टीव्हीकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला कायम न बघताच कळायचं गं ती काय म्हणतेय ते. म्हणून मी कधी नीट बघितलंच नाही."

पेन ड्राइव्हवरची मी तेव्हा पुसली गेले होते. पुसलं जाणं कसं असतं ते मला सांगता येणार नाही. ते जिला कळलं ती सांगायला उरली नाही. तुमच्याशी बोलतेय ती मी स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरवरची. आमच्यात प्रत म्हणजे काही कमी नसतं, अक्षर न् अक्षर तीच असते. मी तिथे कुणाच्या बारशाच्या आणि कुणाच्या निरोप समारंभाच्या ढिगात पडून होते.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच सून पायरीवर उभी होती. रात्रभर झोप नसावी. "दादा, कालची ती मूळ फाइल... तुम्ही पुसली असेल ना?"

"मी?" स्टुडिओवाला म्हणाला. "ताई, मी काही पुसत नाही. वेळ कुठंय? कॉम्प्युटर भरून भरून रडायला आलाय, बायको रोज बोलते." त्याच्या आळसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

सून खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसली. त्या दिवशी तिने सुट्टी काढली होती.

"बोला, कशी हवी?" त्याने विचारलं. "लहान हवी, सगळीकडे चालणारी हवी, की आहे तशी राहायला हवी? तिन्ही एकदम नाही मिळायचं."

"बोटं हवीत," सून म्हणाली.

त्याला कळेना. "कुणाची?"

"माझ्या सासूबाईंची. त्यांना बोलता येत नाही. या फिल्ममध्ये सगळं बोलणं बोटांत आहे. काल तुम्ही ऐकून तपासलीत ना, त्यात ऐकण्यासारखं काहीच नाहीये."

स्टुडिओवाल्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्याच्या कॉम्प्युटरला माझी जुनी पुडी सोडता येत होती. त्याने मला मोठं करून लावलं आणि दोघांनी मला पाहिलं. पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत, मधे न उठता, मला असं कुणी पाहून किती काळ लोटला होता. स्टुडिओवाला म्हणाला, "मोजे ओले घालू नकोस, असं म्हणतायत का त्या?" सून हसली आणि मग तिचे डोळे भरले.

मग बराच वेळ त्यांचं ठरवणं चाललं. डबा एमपीफोरचा, कारण टीव्ही तोच घेतो. चित्राची पुडी आजच्या यंत्रांना सुटेल अशी, पण दाबायची नाही, कितीही मोठी होऊ दे. एकही चित्र गाळायचं नाही. आकार वाढवून त्यात नसलेलं काही रंगवायचं नाही. एक तुकडा आधी करून त्यांनी सर्वांत भराभर हलणारा हात थांबवून थांबवून पाहिला. पाचही बोटं वेगळी दिसली.

"आवाज काढून टाकू? तेवढीच हलकी होईल," त्याने विचारलं.

सुनेने मान हलवली. "नको. राहू दे. भावजींचा खोकला आहे त्यात."

मग माझं रूपांतर सुरू झालं. एक एक चित्र सोडायचं, घडी उलगडायची, नव्या घडीत बांधायचं. कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकत होता, पडद्यावरची कामाची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माझ्यासारख्या म्हातारीला हे सोसवत नाही खरं तर. पण शेजारी नवी मी उभी राहत होती, आणि तिच्या हातांना बोटं होती. सुनेने आम्हा दोघींना पेन ड्राइव्हवर घेतलं, आणखी एक प्रत आपल्या मोबाइलवर, आणि स्टुडिओवाल्याला बजावलं, की तुमच्याकडची तशीच राहू द्या. "म्हटलं ना, मी काही पुसत नाही," तो म्हणाला.

दुपारी टीव्ही लागला. लागली ती नवी, मी पेन ड्राइव्हवर तिच्या शेजारी. थोरला कचेरीतून लवकर आला होता आणि दाराशी उभा होता, बसायला धजत नव्हता. ठकू खाटेवर आजीच्या उजव्या बाजूला. आजी भिंतीकडे तोंड करून.

नळ गळू लागला. तो त्या दोघींना ऐकू आला नाही. सुनेने आजीच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिने नाइलाजाने मान वळवली.

पडद्यावर आईने हात उचलले. ठकूच्या हातातली बाहुली खाली आली. इथे हात बोलत होते, आणि हात बोलताना कसे दिसतात हे तिला बरोबर माहीत होतं. ती गुडघ्यांवर उभी राहिली. शब्द तिला कळत नव्हते, पण तिने मिळेल ते उचलायला सुरुवात केली. हनुवटीवर अंगठा. कानाची पाळी. आजी टीव्ही सोडून तिच्याकडे बघू लागली.

मग शेवट आला. पडद्यावर दोन बोटं वाकली, एकमेकांत अडकली आणि ओढली गेली.

"'आपला'," दारातून थोरला म्हणाला. "ते 'आपला' आहे. आपलं माणूस." आणि तो बोलता बोलता थांबला, कारण खाटेवर आजीने डाव्या हाताचं पहिलं बोट वाकवून हवेत धरलं होतं, इतके महिने धरत होती तसंच.

"अहो," सून हळूच म्हणाली, "त्या बोलावत नव्हत्या."

ती हाक नव्हती, पाणी नव्हतं, उशी नव्हती. ते अर्धं वाक्य होतं. जवळ येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती, आणि दुसरं अर्धं ज्या हातात होतं तो हात उठत नव्हता. थोरल्याने तोंडावर हात धरला आणि तो दारातच खाली बसला.

ठकूला कुणी काही सांगितलं नाही. तिने आजीचं बोट पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि आपलं उजवं बोट वाकवून आजीच्या बोटात अडकवलं. मग जोर लावून ओढलं. आजीनेही ओढलं. सुटलं नाही.

हे होऊन आता बरेच दिवस झाले. नवी रोज लागते, कधी कधी दोनदा. थोरला समोर बसून हात उचलायला शिकतोय. अडखळतो, 'राग' करायला जातो आणि 'भूक' होते, तेव्हा आजी डाव्या हाताने त्याच्या टपलीत मारते. मला आता कुणी उघडत नाही. उघडूही नका. नव्या यंत्रांपुढे उभं राहून 'चालत नाही, चालत नाही' ऐकायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पण मला पुसू मात्र नका. नवीला काही झालं, तर तिला पुन्हा माझ्यातूनच काढावं लागेल. आणि तुमच्या खणात माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिच्या नावात शेवटी काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. ती दिसेपर्यंत दम धरा.

टीव्हीच्या खोलीत आत्ता आजी ठकूला काहीतरी मोठं सांगतेय. एका हाताने होईल तेवढं ती भराभर सांगते. जिथे दुसरा हात लागतो तिथे थांबते, आणि ठकू आपला हात पुढे करते.